सिवनीची लेक

तिचा जन्म जपानचा. ऑक्टोबर १९८९ मध्ये टीव्ही तोक्यो या वाहिनीवर तिचा पहिला भाग लागला आणि आठवड्याला एक असे ५२ भाग पुरे करून पुढच्या वर्षीच्या ऑक्टोबरात ती थांबली. निप्पॉन ॲनिमेशन ही तिला घडवणारी संस्था, फुमिओ कुरोकावा तिचे दिग्दर्शक. १९९३ साली ती दूरदर्शनवर आली तेव्हा यातलं काही कुणाला ठाऊक नव्हतं आणि कुणी विचारलंही नाही. गुलजारांचे शब्द आणि विशाल भारद्वाजांची चाल घेऊन ती रविवारी सकाळी घरात शिरली, बैठकीत सगळ्यांच्या मध्ये बसली आणि घरचीच झाली. आपण तिला ‘जंगल बुक’ म्हणालो, ‘मोगली’ म्हणालो. ॲनिमे, म्हणजे जपानी चित्रमालिका, असं मात्र कुणी म्हणालं नाही.

‘मला ॲनिमे आवडत नाही’ असं सांगणारी माणसं मला सारखी भेटतात. बहुतेक जण चाळिशी-पन्नाशीतले. घरातलं मूल दार लावून काहीतरी जपानी बघत असतं, आतून आरडाओरडा, तलवारींचा खणखणाट ऐकू येतो, आणि बाहेर बसलेल्या आईबाबांचं मत पक्कं होतं. मूल बिचारं हौसेने त्यांना स्वतःची सर्वांत लाडकी मालिका दाखवायला जातं. ती असते काहीशे भागांची, पहिल्या दहा मिनिटांत चार मारामाऱ्या आणि नऊ अनोळखी नावं. आईबाबा उठून जातात. यात चूक ना त्या मुलाची, ना त्या आईबाबांची. ओळख करून देताना कुळाचं नाव आधी सांगितलं आणि माणूस मागे राहिला, एवढंच झालं. ॲनिमे हे कूळ आहे. त्यात योद्धे आहेत तसे वैद्य आहेत, कथेकरी आहेत, संसारी बायका आहेत. कूळ कुणालाच आवडत नाही. आवडतं ते त्यातलं एखादं माणूस. म्हणून अशा प्रत्येकाला मी आधी हिच्याकडे पाठवते, कारण तिच्याशी त्यांची ओळख जुनीच असते.

आणि जबलपूरकडच्या मराठी घरांना तर तिची ओळख करून द्यायलाच नको, कारण ती याच भागातली लेक आहे. जबलपूरहून नागपूरला निघालं की वाटेत सिवनी लागतं. त्या सिवनीच्या डोंगरांतला लांडग्यांचा कळप म्हणजे मोगलीचं घर. किपलिंगच्या पुस्तकात वैनगंगा आहे, कान्हीवाडा आहे. वैनगंगा सिवनी जिल्ह्यातल्या मुंडाऱ्याला उगवते आणि बालाघाट ओलांडून गोंदिया, भंडारा, गडचिरोलीत येते. म्हणजे मोगली ज्या नदीवर पाणी प्यायला, तिच्याच पाण्यावर विदर्भातलं धान पिकतं. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत नागपूर, सिवनी आणि जबलपूर एकाच प्रांतात होती. भोसल्यांच्या काळापासून इकडे वसलेल्या मराठी घरांना दोन राज्यांमधली ही सीमा फार उशिरा आखलेली वाटते, आणि ती तशीच आहे.

तिचं कूळ शोधत गेलं की वाट अजून जवळ येते. रुडयार्ड किपलिंग १८६५ साली मुंबईत जन्मला, जे. जे. कलाशाळेच्या आवारात, वडील लॉकवुड तिथे शिकवत. ‘द जंगल बुक’ १८९४ मध्ये आलं, दुसरा भाग १८९५ मध्ये. लिहिलं मात्र अमेरिकेतल्या व्हर्माँटमध्ये, बर्फाच्या प्रदेशात बसून. सातपुड्याचं रान त्याने पुस्तकांतून घेतलं, त्यातलं एक रॉबर्ट स्टर्नडेलचं १८७७ चं ‘सिवनी’. लांडग्यांनी वाढवलेल्या मुलांच्या हकिकती त्याच्या आधीच छापून आल्या होत्या, आणि त्या छापणारा विल्यम स्लीमन. ठगांच्या बंदोबस्तासाठी ज्याचं नाव जबलपूरच्या इतिहासात कायमचं राहिलं, तोच हा. १८५२ मध्ये त्याने लांडग्यांच्या बिळांत सापडलेल्या मुलांवर एक छोटी पुस्तिका काढली. तिच्यातल्या हकिकती मुख्यतः अवधकडच्या, पण त्या टिपणाऱ्याची उमेदीची वर्षं गेली जबलपूर परिसरात. जबलपूर-कटनी रस्त्यावर त्याच्या नावाचं स्लीमनाबाद आजही आहे. जबलपूर जिल्ह्यातल्या मझौलीच्या माणसाला कटनीला जायचं तर सिहोऱ्यावरून पुढे हेच गाव वाटेत लागतं.

एक हकिकत अवधच्या रानात कुणी सांगितली, जबलपूरशी जोडलेल्या एका गोऱ्या अंमलदाराने लिहिली, मुंबईत जन्मलेल्या लेखकाने अमेरिकेत तिची गोष्ट केली आणि ती सिवनीत मांडली, जपानी चित्रकारांनी ती रंगवली, आणि शेवटी ती हिंदी बोलत रविवारी सकाळी मझौलीच्या घरात आली. सासरचे सगळे संस्कार अंगावर घेऊन माहेरी आलेली लेक असते ना, तशी. तिच्या वागण्यात परकेपण दिसतं ते सासरचं; चेहऱ्याची ठेवण इथलीच आहे.

आता तिच्या रूपाविषयी. ॲनिमे न आवडणारे आधी रूपावरच बोट ठेवतात. डोळे केवढे मोठे, नुसती तोंडं हलतात, बाकी चित्र ढिम्म. हे खरं आहे आणि त्याला कारण आहे. पडद्यावर सेकंदाला २४ चौकटी सरकतात. चित्रपटगृहासाठी सावकाश आणि खर्चाने काम करणारे स्टुडिओ त्यांतल्या प्रत्येक चौकटीला किंवा दोन चौकटींना एक नवं चित्र काढतात. जपानी दूरचित्रवाणीला दर आठवड्याला एक भाग द्यायचा असे आणि पैसा थोडका. १९६३ मध्ये ओसामू तेझुका यांनी ‘ॲस्ट्रो बॉय’ काढताना तीन चौकटींना एक चित्र, म्हणजे सेकंदाला साधारण आठ चित्रं, अशी रीत रुळवली. हलणारी चित्रं कमी, म्हणून स्थिर चित्र अधिक देखणं करायचं. शरीर हलत नाही, म्हणून सगळा अभिनय डोळ्यांत आणायचा. तेझुकांना डिस्नेची चित्रं फार आवडत आणि मोठ्या डोळ्यांचा वारसा त्यांनी तिथून उचलला. काटकसरीतून आलेली ही पद्धत पुढे एक संपूर्ण कला झाली.

आपली मालिका याच वळणाची. पारदर्शक तावांवर हाताने रंगवलेली, संगणकाच्या आधीची. तिची चाल शांत आहे. कळप उंच खडकावर बसलेला असतो, गवत हलतं, बाकी काही हलत नाही, आणि त्या न हलण्यात रान आहे. मोगली एखादी गोष्ट ऐकून गप्प होतो तेव्हा कॅमेरा त्याच्या चेहऱ्यावर कितीतरी वेळ थांबतो. माझ्या मते हेच तिचं सर्वांत मोठं सौंदर्य. धावपळीचं चित्र बघायची सवय झालेल्या डोळ्यांना सुरुवातीला ते जड जातं. चार भागांनंतर त्याचीच ओढ लागते.

आवाजाबद्दल मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. हिंदीतला शेरखान नाना पाटेकरांचा. मुरुड-जंजिऱ्यात जन्मलेल्या या नटाने एका रंगवलेल्या वाघाला असं काही बोलतं केलं की २०१६ मध्ये डिस्नेचा नवा चित्रपट हिंदीत आला तेव्हाही शेरखानासाठी पुन्हा त्यांनाच बोलावावं लागलं. त्या वाघात नुसता दुष्टपणा नाही. त्याच्या वाक्यांना एक जुनाट, दुखावलेला मान आहे. हे रान माझं होतं आणि हे पोर त्यात का, असा. चांगला डबिंग कलाकार काय करू शकतो हे शिकायचं असेल तर हा शेरखान ऐकावा. ॲनिमेविषयी तक्रार करणाऱ्या पुष्कळांची खरी तक्रार परक्या भाषेत मजकूर वाचत बसण्याची असते, आणि ती रास्त आहे. ही मालिका त्या अडचणीतून कधीच पार झालेली आहे.

आता स्वभाव. पोरासोरांची म्हणून तिला बाजूला ठेवणाऱ्यांनी तिचा स्वभाव पाहिलेला नसतो. ५२ भागांत ती एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारते: जो माणसाच्या पोटी जन्मला आणि लांडग्याच्या घरात वाढला, तो कुणाचा? लांडगे त्याला आपला मानतात, पण सगळे नाही. गावातली माणसं त्याला माणूस मानतात, पण पूर्ण नाही. तो दोन्हीकडच्या रीती शिकतो आणि दोन्हीकडे त्याला कुणीतरी परका म्हणतंच. बल्लू त्याला रानाचे नियम शिकवतो, बघीरा त्याची राखण करतो, पण हा प्रश्न त्याच्या वतीने कुणी सोडवू शकत नाही.

आमच्या नात्यातल्या एक काकू मझौलीला असतात. उभं आयुष्य शाळेत शिकवण्यात गेलं. घरी मराठी, ओट्यावर उभं राहून शेजारणीशी बुंदेली वळणाची हिंदी, देवघरात गणपती आणि अंगणात नर्मदेचं नाव. नातवाचं टीव्ही बघणं त्यांना अजिबात खपत नसे. “बाई गं, त्या डोळे फाडलेल्या बाहुल्या माझ्यासमोर नको,” असं त्यांनी मलाही स्पष्ट सांगितलं होतं. मी म्हटलं, “काकू, मोगली आठवतो का?” त्या लगेच म्हणाल्या, “तो आपला सिवनीचा? तो कार्टून नव्हता, तो मोगली होता.” आम्ही नातवाच्या फोनवर पहिले दोन भाग लावले. मोगली लांडगीच्या कुशीत शिरतो ते बघून काकू म्हणाल्या, “आपलीच गत आहे गं ही. नागपूरला गेलं की आपण हिंदीवाले, इथे असलं की मराठे.” नातू हे पहिल्यांदाच ऐकत होता. तिसरा भाग त्यानेच लावला, आणि दोघं शेजारी बसून बघत राहिली.

विनोबांनी जबलपूरला संस्कारधानी म्हटलं. त्या संस्कारधानीतल्या मराठी, बंगाली, गुजराती, पंजाबी अशा सगळ्या घरांत ‘आपण कुणाचे’ हा प्रश्न आहे. मोगली त्यांना कळायला टीप लागत नाही.

तिच्यात उणिवाही आहेत आणि त्या झाकून शिफारस करणं मला पटत नाही. मोगलीच्या सोबत्यांमध्ये किची नावाचा एक लाल पांडा आहे. हा प्राणी हिमालयाच्या थंड, बांबूच्या रानांतला. सिवनीच्या सागवानात तो कुठून येणार? मोगलीच्या हातात बूमरँग आहे, तेही इथल्या रानातलं नव्हे. लांडग्यांची नावं वाचून तर माणूस चक्रावतो, कारण पाळणाऱ्या बापाचंच नाव अलेक्झांडर आहे. मधले काही भाग रेंगाळतात. सिवनीजवळच्या पेंचच्या जंगलात वाटाड्याबरोबर फिरलेल्या माणसाला हे सगळं खटकेल. खटकू द्यावं. घरातल्या लहानग्यांबरोबर बसून ‘यातलं आपल्या रानात काय नाही’ हे शोधणं हा फार चांगला खेळ आहे, आणि मध्य प्रदेशचं शिक्षण खातं शाळकरी मुलांसाठी मोगलीच्याच नावाने पेंचला जो उत्सव भरवतं, त्याचाही हेतू असाच आहे: मुलांनी गोष्टीतून रानाकडे जावं.

राहिली ‘कार्टून म्हणजे मुलांचं’ ही तक्रार. मझौलीत राहणाऱ्याने तरी ती करू नये. तिथल्या विष्णूवराहाच्या देवळात कलचुरी काळातला वराह उभा आहे. माणसाच्या धडावर वराहाचं तोंड, असा नव्हे. चार पायांवर उभं असलेलं पूर्ण जनावर, आणि त्याच्या अंगभर ओळींनी कोरलेल्या देवदेवतांच्या छोट्या मूर्ती. सुमारे हजार वर्षांपूर्वी इथल्या कारागिराला सगळं विश्व एका जनावराच्या अंगावर मांडावंसं वाटलं आणि लोकांनी त्याच्यापुढे हात जोडले. जनावराचं रूप घेऊन सर्वांत मोठी गोष्ट सांगता येते, हे या मातीला फार आधीपासून माहीत आहे. पंचतंत्र ज्या देशात रचलं गेलं तिथे लांडग्याच्या तोंडचं शहाणपण हलकं कसं ठरेल?

तर ही झाली लेक. तिचा गोतावळा मोठा आहे आणि तिची ओळख पटली की त्यांच्याकडे जाणं सोपं होतं. तिची थोरली बहीण हायडी, १९७४ ची. इसाओ ताकाहाता यांनी दिग्दर्शित केलेली आणि हायाओ मियाझाकींनी जिच्या दृश्यांची मांडणी केली ती. स्वित्झर्लंडच्या डोंगरातली अनाथ मुलगी आणि तिचा तुसडा आजोबा. ती बनवणाऱ्या चमूतूनच पुढच्या वर्षी निप्पॉन ॲनिमेशन उभी राहिली. आजीला द्यायची तर हीच. ‘रामायण: द लेजंड ऑफ प्रिन्स राम’ हा युगो साको यांनी भारताच्या राम मोहन यांच्यासह केलेला चित्रपट तिचा चुलतभाऊ म्हणा, जानेवारी २०२५ मध्ये तो पुन्हा चित्रपटगृहांत आला. डोरेमॉन हा खोडकर धाकटा, त्याला सगळे ओळखतात.

डॉक्टरांना ‘मॉन्स्टर’ द्यावी. जर्मनीतल्या रुग्णालयात काम करणारा जपानी शल्यविशारद तेन्मा, आधी आलेला गोळी लागलेला मुलगा आणि नंतर आलेले महापौर, यांतून मुलाची शस्त्रक्रिया निवडतो आणि पुढे त्या निवडीची किंमत ७४ भाग मोजत राहतो. त्यात एकही राक्षस नाही, एकही जादू नाही. बुद्धिबळ खेळणाऱ्याला ‘मार्च कम्स इन लाइक अ लायन’: शोगी खेळणारा एकाकी मुलगा आणि त्याला जेवायला वाढणाऱ्या तीन बहिणी. शोगीचं मूळ आपल्या चतुरंगाकडे नेलं जातं, तेव्हा तोही एका अर्थी घरचाच खेळ. रानावनात रमणाऱ्याला ‘मुशिशी’. गिन्को नावाचा फिरस्ता वैद्य गावोगाव जातो, प्रत्येक भाग स्वतंत्र, कसलीही घाई नाही.

आणि जो मराठी माणूस म्हणतो की मला नाटक कळतं, वाचन कळतं, हे असलं चित्रांचं काही कळत नाही, त्याच्यासाठी माझ्याकडे एक हुकमी नाव आहे: ‘शोवा गेनरोकू राकुगो शिंजू’, २०१६ ची. राकुगो म्हणजे एकट्याने बसून सांगायची गोष्ट. कथेकरी उशीवर गुडघे मोडून बसतो, हातात एक पंखा आणि एक फडकं. उठायचं नाही. मान डावीकडे वळवली की नवरा, उजवीकडे वळवली की बायको. पंखा कधी चिलीम होतो, कधी जेवायच्या काड्या. तुरुंगातून सुटलेला एक अडाणी पोरगा या कलेच्या शेवटच्या थोर माणसाच्या दारात शिष्य व्हायला येतो आणि त्या म्हाताऱ्याच्या आयुष्यातलं जुनं दुःख उलगडत जातं. ‘बटाट्याची चाळ’ एकट्या पु. लं. नी रंगमंचावर उभी केली, हे ज्यांनी पाहिलं किंवा ऐकलं, त्यांना इथे काय चाललंय हे पहिल्या प्रयोगातच कळतं. ‘पूर्वरंग’ लिहिणाऱ्या पु. लं. ना जपान आवडलं होतं; त्यांच्या वाचकाला ही मालिका आवडली नाही असं माझ्या पाहण्यात नाही. आवाजाच्या जोरावर अख्खी वस्ती उभी करणं, प्रेक्षक हसेपर्यंत दम धरणं, गुरूची लकब अंगात येणं आणि मग ती सोडवणं, हे सगळं चित्रातल्या माणसाकडून करवून घेतलंय, आणि आपण विसरतो की तो चित्रातला आहे.

पण ही सगळी मंडळी नंतरची. आधी लेकीची भेट. एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीत सगळे घरात अडकले होते तेव्हा दूरदर्शनने तीच पुन्हा लावली. १९९३ ला लहान असलेले त्या वेळी आईबाप झाले होते आणि आपल्या मुलांना घेऊन बसले. तिची पुन्हा ओळख करून द्यावी लागली नाही.

म्हणून एक विनंती. घरात कुणी ‘मला नाही आवडत’ म्हणालं की वाद घालू नका, यादी देऊ नका. त्यांना काय वाचायला आवडतं, कुठलं नाटक आवडलं होतं, हे विचारा आणि त्यावरून मालिका निवडा. ठरवता आलं नाही तर मोगली लावा. एका भागावर निर्णय मागू नका, दोन दाखवा, हिंदीत दाखवा, फोन हातात देऊन निघून जाऊ नका, सोबत बसा. आणि जमेल तेव्हा त्यांना नागपूर-जबलपूर रस्त्याने सिवनीला घेऊन जा. वैनगंगा तिथेच उगवते.